फुसक्या बाराचं निदान

धान निसवायला लागलं की मूल तालुक्यात दोन गोष्टींची तपासणी सुरू होते : बांधीवरच्या माळ्याची आणि घरातल्या ठासणीच्या बंदुकीची. माळा दोरखंडाने तपासतात, बंदूक शिव्यांनी. माळ्यात बिघाड असला तर माणूस खाली येतो आणि कारण लगेच कळतं. बंदुकीचं तसं सरळ नसतं. चाप ओढला, घोडा पडला, टोपी ‘टक्’ म्हणाली, आणि पुढे काहीच नाही. रानडुक्कर मान वर करतं, आवाज कुठून आला त्याचा अंदाज घेतं आणि पुन्हा धानात तोंड घालतं. दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर निदान होतं. एक जण दारूला दोष देतो, दुसरा टोपीला, तिसरा नळीला. चौथा जाणकार थेट बंदूकवाल्याच्या आजोबांपर्यंत जातो, कारण बंदूक त्यांच्याकडून आलेली असते. माझं म्हणणं असं की हे चौघेही चुकीच्या जागी शोधतायत. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातली पीकसंरक्षणाची जुनी बंदूक बिघडलेली नसतेच. सहसा उडू नये अशा बेतानेच ती शेतकऱ्याच्या हाती दिली गेली आहे, आणि हे काम ती साठ वर्षांहून अधिक काळ चोख बजावते आहे.

तरी निदान रीतसर व्हावं म्हणून आधी बंदुकीचीच झडती घेऊ. ठासणीच्या बंदुकीत तोंडातून दारू ओतायची, वर काथ्या किंवा कागदाचा बोळा, तो गजाने ठासायचा, मग छर्रे, मग पुन्हा बोळा, आणि सरतेशेवटी मागच्या बारीक नळीवर तांब्याची टोपी. घोडा टोपीवर आदळला की ठिणगी त्या बारीक नळीतून आतल्या दारूपर्यंत जाते. म्हणजे टोपी वाजली पण बार उडाला नाही, तर ठिणगी निघाली आणि वाटेत अडली असावी. वाट अडवणारा पहिला संशयित काजळी. बंदुकीची काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. ती जळल्यावर वजनाने निम्म्याहून जास्त भाग धूर न होता घन रूपात मागे उरतो. ही काजळी हवेतली ओल ओढून घेते आणि नळीला आतून गंज चढवते. मूलच्या पावसाळ्यात भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा ओलं होतं, तिथे या काजळीला ओल शोधत फिरावं लागत नाही. दुसरा संशयित तेल. गेल्या हंगामात कोणीतरी मायेने नळीत ओतलेलं तेल तळाशी जाऊन बसतं आणि नवी दारू त्यात कालवली जाते. तिसरी दमलेली स्प्रिंग. घोडा आदळत नाही, टेकतो. चौथा संशयित म्हणजे स्वतः मालक, जो अंधारात, घाईत, डुकराचा फुरफुराट ऐकत दारू घालायचीच विसरलेला असतो आणि छर्रे मात्र मोजून घालतो.

चौथ्याला हसण्याआधी इतिहास बघावा. अमेरिकेच्या यादवी युद्धात, जुलै १८६३ मध्ये, गेटिसबर्गची लढाई झाली. मैदानातून गोळा केलेल्या सत्तावीस हजारांवर बंदुकांपैकी सुमारे चोवीस हजार भरलेल्याच निघाल्या. त्यांतल्या निम्म्यांमध्ये एकावर एक दोन बार ठासलेले होते, काही हजारांत तीन ते दहा, आणि एका बंदुकीत तर तेवीस. शिपाई चाप ओढत होता, आजूबाजूच्या गदारोळात आपला बार उडाला असं समजत होता आणि पुन्हा भरत होता. हे कवायत झालेल्या फौजेचं. तेव्हा रात्री दोन वाजता, खाली डुकरांचा कळप आणि वर मोडका माळा अशा अवस्थेत, टॉर्च दातात धरून बंदूक भरणाऱ्या शेतकऱ्याने एखादी पायरी गाळली तर त्यात तालुक्याची नाचक्की नाही. मात्र एवढं गांभीर्याने सांगायला हवं : टोपी वाजून बार न उडालेली बंदूक मेलेली समजू नये. कधीकधी आत दारू धुमसत असते आणि बार काही क्षणांनी, सवडीने, सरकारी पत्रासारखा येतो. तोवर नळी मोकळ्या दिशेला धरून थांबावं; आत डोकावून ‘कुठे अडलं’ ते पाहणाऱ्याला उत्तर मिळण्याची शक्यता असते.

ही टोपी मुळात शिकाऱ्यासाठीच निघाली, हा त्यातला विनोद. स्कॉटलंडमधल्या अलेक्झांडर फोर्सिथ नावाच्या पाद्र्याला पक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. गारगोटीच्या बंदुकीत आधी बाहेर भपका व्हायचा आणि मग बार. मधल्या क्षणात पाखरं उडून जायची. म्हणून त्याने आघाताने पेटणाऱ्या स्फोटकावर चालणारी यंत्रणा काढली आणि १८०७ मध्ये तिचं पेटंट घेतलं. टोपी त्यानंतर आली. जनावराला सूचना मिळू नये म्हणून निघालेल्या या शोधाचा मूलमधला मुख्य उपयोग आज जनावराला सूचना देण्याचा आहे.

आता दुरुस्ती. कारणं चार, उपाय सोपे : नळी गरम पाण्याने धुवा, कोरडी करा, बारीक नळी साफ करा, स्प्रिंग बदला. पहिली तीन कामं मालक स्वतः करतो. स्प्रिंगसाठी तो अर्थातच गावच्या लोहाराकडे बघतो, आणि लोहार दुसरीकडे बघायला लागतो. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ मध्ये विनापरवाना कोणकोणता धंदा करायचा नाही त्याची यादी आहे. शस्त्रं बनवणं आणि विकणं तिच्यात आहेच, पण दुरुस्त करणं आणि चाचणी घेणं हेसुद्धा आहे. म्हणजे नांगराचा फाळ, बैलगाडीची धाव, विळा, कुऱ्हाड हे सगळं बनवणाऱ्या कारागिराने शेजाऱ्याच्या बंदुकीची स्प्रिंग बसवली की तो गुन्हेगार ठरू शकतो. कायद्याचं कारण समजण्यासारखं आहे. ज्याला घोडा दुरुस्त करता येतो त्याला अख्खी बंदूकही घडवता येते, आणि या पट्ट्यात अशा घडवलेल्या बंदुका पुढे कोणाच्या खांद्यावर गेल्या ते पोलिसांना चांगलं ठाऊक आहे. पण परिणाम असा की बंदूक परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे न्यायची, म्हणजे शहर गाठायचं. आणि एसटीत शेजारच्या सीटवर बंदूक ठेवून चंद्रपूरपर्यंतचे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर सहप्रवाशांना परवाना दाखवत राहायचं.

याच जिल्ह्यात भद्रावतीला आयुध निर्माणी आहे. तिथे लष्करासाठी तोफगोळे भरतात. योगायोग असा की निर्माणी १९६२ च्या सुमाराची आणि शस्त्र कायदा अमलात आला तो १ ऑक्टोबर १९६२ रोजी. त्याच वर्षी नोव्हेंबरात चंद्रपूरचे मारोतराव कन्नमवार चीनच्या युद्धाच्या धामधुमीत मुख्यमंत्री झाले. जिल्ह्यात एका बाजूला देशाच्या तोफांची भूक भागवायची सोय झाली आणि दुसऱ्या बाजूला शेतकऱ्याच्या टोप्यांचा हिशेब परवान्यावर लिहिला गेला. त्यात पुढे २०१५ ते २०२१ अशी सहा वर्षं चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी होती. बंदुकीच्या दारूला ती लागू नव्हती. तरीही त्या काळात दोन्हींपैकी कोणती दारू मिळवायला जास्त खटपट करावी लागे, यावर पैज लावायची झाल्यास मी बंदुकीच्या बाजूने लावीन.

मुद्द्याचा पुरावा मात्र शस्त्र कायद्याच्याच कलम १३ मध्ये आहे. पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी परवाना मागणाऱ्याला कायद्याने जी बंदूक नेमून दिली ती तोंडाने भरायची बंदूक आहे. काडतूस, नळी मागून उघडायची सोय, दोन नळ्या हे सगळं १९५९ साली जगात जुनं झालेलं होतं. तरी संसदेने शंभर वर्षांपूर्वीचं यंत्र निवडलं, आणि विचार करून निवडलं. जी बंदूक भरायला मिनिटभर लागतो तिने दंगल होत नाही, दरोडा पडत नाही. एक बार झाला की माणूस पुन्हा शेतकरी होतो आणि गज शोधू लागतो. राज्यकर्त्यांच्या नजरेतून हा तिचा मोठा गुण. कलमात एक परंतुकही आहे : ठासणीची बंदूक पुरेशी नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाली, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. म्हणजे ती पुरी न पडण्याची शक्यता कायदा लिहिणाऱ्यांनीच गृहीत धरली होती. ती सिद्ध करायचं काम तेवढं शेतकऱ्यावर आलं, आणि साक्षीदार एकच, तो रात्री येऊन जातो.

समजा सगळं जमलं. नळी चकचकीत, दारू कोरडी, टोपी घट्ट, घोडा तरुण. तरी चाप ओढता येईल का? बंदूक ठेवण्याचा परवाना जिल्हाधिकारी देतात, डुकरावर ती चालवायची की नाही ते वनखातं ठरवतं. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ११ प्रमाणे उभ्या पिकाला धोकादायक ठरलेलं जनावर मारायची परवानगी लेखी, कारणं नोंदवून, मिळू शकते. कारणं नोंदवण्यात रात्र जाते आणि रात्रीबरोबर डुक्कर जातं. हा विषय किती नाजूक आहे ते २०१६ च्या जूनमध्ये दिल्लीतही दिसलं. केंद्रातल्या मंत्री मनेका गांधी यांनी पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांच्यावर जाहीर टीका केली आणि चंद्रपुरात त्रेपन्न रानडुकरं मारल्याचं दुःखाने सांगितलं. जिल्ह्यातल्या डुकरांचा आकडा थेट केंद्रीय मंत्रिमंडळातल्या वादात पोचला, हा मान इथल्या धानाच्या भावालाही क्वचितच मिळाला असेल. त्या त्रेपन्नांपैकी किती ठासणीच्या बंदुकीच्या खाती जमा करायची, या प्रश्नावर माझं उत्तर तिच्या आजवरच्या लौकिकाला धरूनच असेल.

आणि मग पंचांग. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. सरसकट सगळ्यांच्या नव्हे, कोणाची घ्यायची ते छाननी समिती ठरवते. पण जंगलपट्ट्यात आपलं नाव गाळलं जाईल अशी आशा बाळगणारा माणूस दुर्मीळच. आता महाराष्ट्र विधानसभेच्या मतदानाच्या तारखा पाहा : १३ ऑक्टोबर २००९, १५ ऑक्टोबर २०१४, २१ ऑक्टोबर २०१९, २० नोव्हेंबर २०२४. मूलचं धान नेमकं या दिवसांत लोंबीत भरतं, कापणीला येतं आणि बांधीत पुंजणे लागतात. २०२४ ची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली आणि निकाल २३ नोव्हेंबरला आला. हा काळ रानडुकरांच्या सोयीने ठरवला असता तरी याहून चांगला ठरला नसता. बारा महिन्यांतले दहा महिने बंदूक घरात भिंतीवर असते, कारण राखायला पीक नसतं; उरलेले दोन महिने पीक असतं आणि पाच वर्षांतून एकदा तरी बंदूक सरकारी खोलीत. शिवाय लोकसभा आहे, जिल्हा परिषद आहे, ग्रामपंचायत आहे. लोकशाही जितकी जिवंत, तितकी नळी थंड.

इथे पहिला आक्षेप येतो : एवढं रडगाणं कशाला, ठासणीची टाकून चांगली रायफल घ्यावी. चांगल्या रायफलीचं काय होतं तेही या भागाला ठाऊक आहे. चांदा (आताच्या चंद्रपूर) जिल्ह्यात १९५१ पर्यंत मालगुजारी होती. मालगुजार गेले, त्यांचे तलाव राहिले. त्यांना अजूनही ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणतात. काही वाड्यांत तलावासारखीच मागे राहिली ती शिकारीची रायफल. तिच्याही बिघाडाचं मूळ नळीत सापडत नाही. .३०३ ही लष्करी बोअर सामान्य माणसाला वर्ज्य, म्हणून शौकिनांसाठी सरकारी कारखान्यांतून .३१५ ची रायफल आली. ती आली, वाड्यात टांगली गेली, आणि १९७२ साली शिकारच बंद झाली. ताडोबात तर तिचे दिवस त्याआधीच भरत आले होते. तिथे १९५५ मध्येच राष्ट्रीय उद्यान झालं. १९७२ पासून या रायफलीचं काम म्हणजे मुदतीला नूतनीकरण करून घेणं. पूर्वी दर तीन वर्षांनी, २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षांनी. तिचा घोडा, चाप, मॅगझीन सगळं शाबूत असतं, फक्त समोर कोणी उरलेलं नसतं. शिवाय रायफलची गोळी लांब जाते. सपाट धानाच्या बांध्यांत डुक्कर चुकवून ती पलीकडच्या गावात पोचेल. ठासणीचे छर्रे इतका प्रवास करत नाहीत. ते डुकरापर्यंत जातात की नाही यावरच वाद आहे.

दुसरा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला हसण्यावारी नेणं बरं नव्हे. धान खाल्लं गेलं की वर्ष जातं. पंचनाम्याच्या भरपाईवर घर चालत नाही. डुक्कर वळलं की माणूस मांडीला फाटतो. मग बंदूक चालत नाही यात गुण कसला? गुण असा की तिच्या जागी जे आलं ते फार चांगलं चालतं. विजेच्या तारेवर आकडा टाकून बांधीभोवती उघडी तार ओढायची. तिला टोपी लागत नाही, परवाना लागत नाही, ओल तर तिला उलट मानवते. ती चुकत नाही आणि निवडतही नाही. डुकरासाठी लावलेल्या तारेने या जिल्ह्यांत वाघ मेले, शेजारी मेले, आणि पहाटे स्वतःची तार विसरून बांधीत उतरलेले शेतकरीही मेले. दुसरा पर्याय नळीची कार्बाईड गन. माकडं पळवायला स्वस्त, पण २०२५ च्या दिवाळीत भोपाळमध्ये तिने अनेक मुलांचे डोळे घेतले. या दोघींशेजारी ठासणीची बंदूक ठेवून पाहा. तिचा मालक कोण ते कागदावर लिहिलेलं, ती कुठे आहे ते ठाण्याला माहीत, आणि तिचा धोका बहुतेक वेळा तिच्या मालकाच्या संयमाला. शेतकऱ्याच्या नुकसानीवरचा इलाज सौर कुंपणात आणि वेळेवर मिळणाऱ्या भरपाईत आहे, हे खरंच. पण तो इलाज नीट पोचत नाही याचा राग काढायला घरात हक्काची वस्तू असावी, तर ती न उडणारी असलेली बरी.

कोणी म्हणेल, मग ती ठाण्यात कायमची देऊनच टाकावी. गडचिरोलीत तसं होतंही. तिथले गावकरी पोलिसांच्या आवाहनावरून भरमार, म्हणजे ठासणीच्याच, बंदुका आणून जमा करतात आणि वर्तमानपत्रात रांगेत मांडलेल्या बंदुकांचा फोटो येतो. त्याच वर्तमानपत्रात नक्षलवाद्यांशी झालेल्या चकमकीनंतरच्या हत्यारांची यादी आली की आधी एके-४७, मग एसएलआर, मग इतर रायफली, आणि भरमार बहुधा शेवटी, उरलेल्या सामानाच्या थोडी आधी. जिथे बंदूक घरात असणं म्हणजे पोलीस आणि नक्षलवादी या दोन्हीकडच्यांच्या संशयाला आमंत्रण, तिथे ती देऊन टाकण्यात शहाणपणच आहे. मूलकडे तसा दाब नाही. इथे माणूस बंदूक देत नाही, कारण परवाना एकदा गेला की पुन्हा मिळणं कठीण. आणि परवान्यावर त्याचा फोटो असतो, शिक्का असतो, जिल्हाधिकाऱ्यांची सही असते. सातबाऱ्यानंतर घरात इतका वजनदार कागद दुसरा नसतो. तो जिवंत ठेवण्यासाठी सोबत एक लोखंडी नळी सांभाळावी लागते, एवढाच त्या नळीचा त्रास.

तेव्हा पानठेल्यावरच्या चौघांनी दारू, टोपी, नळी आणि आजोबा यांना निर्दोष सोडावं. डुक्कर नाकाने जगतं, अंधारात येतं आणि उजेड, कोलाहल आणि जागा माणूस या तिघांना टाळतं. रॉकेलच्या रिकाम्या डब्यावर काठी मारली तरी ठासणीच्या बंदुकीइतकं काम होतं. डबा परत भरावा लागत नाही आणि आचारसंहितेत जमाही करावा लागत नाही. अडचण डब्याचीही नाही, वाजवणाऱ्याची आहे. दिवसभर कापणी करून जागलीला बसलेल्या माणसाला साधारण दोनच्या सुमारास झोप लागते, कळपाला ती वेळ पाठ असते, आणि हा बिघाड दुरुस्त करायला कलम ५ ची आडकाठी नसूनही अजून एकही कारागीर पुढे आलेला नाही.